पंखो किती घेता

गेल्या तुळशीच्या लग्नापासून आमच्या घरात ‘घेणे’ हे क्रियापद बंद आहे. कोणी ठराव केला नाही, कोणी कोणाला बजावलं नाही, पण बंद. चहा घेतोस का, असं मी भावाला विचारत नाही. चहा ठेवू का, असं विचारते. भाजी घे म्हणत नाही, सरळ वाढते. डोकं दुखलं तर गोळी ‘खा’ म्हणते. आमच्याकडे ‘तो घेता’ एवढं म्हटलं की पुढे काही जोडावं लागत नाही, काय घेतो ते साऱ्या गावाला कळतं. ‘बसणे’ या शब्दाचीही तीच गत. संध्याकाळी कोणी ‘बसूया काय’ म्हटलं की ते काही भजनाला बसायचं आमंत्रण नसतं.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. वायरमन आहे. आमच्या मालवणाकडच्या गावांतल्या निम्म्या घरांच्या भिंतींमधून त्याच्या वायरी गेल्यात आणि एकाही घरात आजवर ठिणगी उडालेली नाही. हात सोन्याचा, पण संध्याकाळ झाली की तोच हात ग्लासाकडे जायचा. शेवटी भावजय मुलीला घेऊन (इथे हा शब्द चालतो) फोंडाघाटला माहेरी गेली. त्यानंतर महिनाभराने त्याने सोडली. का, कशी, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. भावजयीला मी फोन करून कळवलं तेव्हा ती म्हणाली, “पावसापर्यंत बघतंय, ताई. तंवसर असोच रवलो तर शाळा सुरू होवच्या आधी येतंय.”

म्हणजे जून. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं सोडून दिलं.

मी ओरोसला सरकारी कचेरीत आहे, आवक-जावक टेबलावर. लग्न केलेलं नाही. ते का, हा इथला विषय नाही. रोज सकाळी एस्टीने कसालवरून जायचं, संध्याकाळी तसंच परत. घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच, आज तो घरी असेल ना, आणि असला तर कसा असेल. दारात स्कूटर दिसली की मी आधी त्याचं तोंड बघायची, मग चप्पल काढायची. त्यालाही ते कळत असणार. पण कळूनही तो काही बोलत नसे, आणि त्याने माझी चिडचिड आणखीच वाढत असे.

मार्चमध्ये चुलत्यांकडे साखरपुडा होता. हा गेला आणि अर्ध्या तासात परत आला.

“जेवलंस?”

“जेवलंय.” पायरीवर टेकला. मग म्हणाला, “सगळ्यांच्या हातात ग्लास. माका हात खंय ठेवचो ताच समजना नाय.”

झालं. हात कुठे ठेवायचा, या एका वाक्याने मला झपाटलं. मे महिना जेमतेम दीड महिन्यावर होता. मेमध्ये मुंबईचे चुलतभाऊ येतात, पलीकडच्या अंगणात खुर्च्या मांडतात, आणि पाच वाजले की बसतात. हा त्यांच्यात जाणार, रिकाम्या हाताने परत येणार. किती वेळा येईल? एक दिवस येणारच नाही. मी ठरवलं की याच्या हातात ग्लास द्यायचा. कोकमचं सरबत दिलं असतं तर सगळ्यांनी बाळंतिणीचं म्हणून चेष्टा केली असती. नुसता सोडा दिला असता तर त्याला त्यातलं उरलेलं अर्धं आठवलं असतं. काहीतरी घशाला झोंबणारं, फेस येणारं हवं होतं.

फोनवर एका थंड देशातल्या माणसाचा व्हिडिओ सापडला. किसलेलं आलं आणि साखर पाण्यात रोज चमचा-चमचा घालत जायचं. पाच-सहा दिवसांनी ते आपसूक फसफसतं. हे झालं विरजण. ते आल्या-लिंबाच्या गोड पाण्यात कालवून बाटल्या घट्ट बंद करायच्या. तो माणूस हसत हसत म्हणत होता, थंड जागी ठेवा. त्याच्या बापाचं काय जातं? आमच्या कोठीच्या खोलीत दुपारी चौतीस असतं.

पहिल्या खेपेला तिसऱ्या दिवशी बूच काढलं आणि मी जागच्या जागी थिजले. तो वास मला पाठ आहे. अकरा वर्षं मी त्या वासाचे शर्ट धुतलेत. बाटल्या तशाच उचलून मागच्या माडाच्या मुळात ओतल्या, वर दोन बादल्या पाणी टाकलं आणि हात साबणाने दोनदा धुतले. मग पुन्हा तो व्हिडिओ पाहिला, आणखी चार पाहिले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. फ्रिजमध्ये ते निजूनच राहतं. साध्या थंडाव्यात दोन दिवसांत नुसता फेस धरतो. उकाड्यात तेच भराभर पुढे जातं आणि साखरेचं नको ते होतं. म्हणजे माझ्या भावाला सांभाळायला मी जे करत होते, त्यात आणि त्याला बुडवणाऱ्या गोष्टीत दहा अंशांचं अंतर होतं.

शहाणी बाई इथे थांबली असती. मी मासेवालीकडून थर्माकोलची दोन खोकी मागून आणली.

खोकी तीनदा साबणाने आणि एकदा लिंबाने धुतली, तरी बांगड्याचा वास काही गेला नाही. दोन्ही शेजारी-शेजारी चिकटवली. एकात बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्यात माझ्या आल्याच्या. मधल्या भिंतीला दोन भोकं. खालच्या भोकात छोटासा पंखा, तो गार वारा इकडे ढकलणार. वरच्या भोकातून तापलेली हवा पुन्हा बर्फाकडे जाणार. झाकणात थर्मामीटर खोचला. भावाने विचारलंच, काय चाललंय. मी म्हटलं, उकाड्यात इडलीचं पीठ चार तासांत आंबून जातं, ते ठेवायला. त्याने मान हलवली आणि कामावर गेला. खोटं इतकं सहज बोलता आलं याचं मला वाईट वाटलं, पण तेही फार वेळ नाही.

पंखा कसालला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मिळाला, तळहाताएवढा, काळा, लाल-काळ्या दोन वायरींचा. दुकानदार चाचांनी विचारलं, “कॉम्प्युटर खंयचो?”

“कॉम्प्युटर नाय. खोको आसा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “बारा व्होल्टचो आसा. बघून लावा.”

आता खरं तर हे काम कोणाचं? घरात वायरमन. पंधरा मिनिटांचं काम. पण त्याला सांगायचं म्हणजे पंखा कशाला, थंड कशाला, आणि थंड न राहिलं तर काय होतं, हे सगळं सांगायचं. ते शब्द मी त्या घरात उच्चारणार नव्हते. म्हणून वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी वीज शिकायला घेतली, तीही चोरून, तो कामावर असताना.

आधी चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी लावली. पंखा फिरेचना. वायरी उलट्या धरल्या होत्या. सुलट्या धरल्यावर भिरभिरला आणि मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. कचेरीतून येऊन पाहते तर बॅटरी मेलेली. मग फोनच्या चार्जरची वायर कापली. त्यावर पंखा नुसता थरथरायचा, बोटाने ढकललं की अर्धा फेरा मारून थांबायचा. मग मी बिस्किटांचा डबा काढला. प्रत्येक घरात असतो तसा आमच्याकडेही आहे. त्यात मेलेल्या वस्तूंचे जिवंत चार्जर असतात. टीव्हीच्या डब्याचा, जुन्या फोनचा, कधी काय होतं ते न आठवणाऱ्या यंत्रांचे.

एकावर लिहिलं होतं बारा व्होल्ट, दोन अँपियर. पंख्यावर लिहिलं होतं बारा व्होल्ट, शून्य पूर्णांक पंधरा. तीस वर्षं आवक-जावक करणारी बाई मी. इकडून दोन जावक, तिकडे आवक फक्त पंधरा शतांश, मग उरलेलं कुठे गेलं? पंख्याच्या पोटात. तो जळणार, थर्माकोल पेटणार, घर जाणार. मी तो ॲडाप्टर डब्याच्या तळाशी, वायरीत गुंडाळून, दिसणार नाही असा ठेवला. दुसरा नऊ व्होल्टचा होता, अँपियर कमी. तो मला पापभीरू वाटला. वायरी पिळून जोडल्या, वर सेलोटेप लावला. पंखा फिरला, जरा दमल्यासारखा, पण फिरला. थर्मामीटर चोवीसवर आला.

पुढचे तीन आठवडे माझा जीव त्या खोक्यात. सकाळी बर्फाच्या बाटल्या बदलायच्या, संध्याकाळी पुन्हा. कचेरीत अकरा वाजले की वाटायचं, आता बर्फ वितळला. बाराला वाटायचं, वीज गेली असेल. टपालावर शिक्के मारताना कान घरच्या पंख्याकडे. एकदा एका अर्जावर आवकऐवजी जावकचा शिक्का मारला. समोरच्या बाई म्हणाल्या, “तुमची तब्येत ठीक आहे ना?” मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, “थोडी सुट्टी घ्या.” त्या शब्दानेही मी दचकले.

दोन खेपा मात्र छान उतरल्या. थोड्या चाखून पाहिल्या. आलं झोंबलं, फेस नाकात गेला, दुसरं काही नव्हतं. तरी त्याच्यापुढे ग्लास ठेवायला हात धजेना. आणखी एक खेप बघू, मग देऊ. चुलतभाऊ आले. पलीकडे खुर्च्या मांडल्या गेल्या. हा दोनदा गेला, दोनदा पंधरा मिनिटांत परतला. मी ठरवलं, या शुक्रवारी.

त्या शुक्रवारी सकाळपासून पान हलत नव्हतं. कचेरीत पंख्याखालीही कपाळ ओलं. साडेबाराला मी उठले, अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली आणि निघाले. कसालला बस अर्धा तास उभी. ड्रायव्हर चहा पीत होता. मला त्याला खेचून आणावंसं वाटत होतं. खाली उतरले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. का एवढी तगमग, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

घरी पोचले तेव्हा अंगणात स्कूटर होती. दुपारी दोनला, कामाच्या दिवशी. दार उघडं होतं, आणि दारातच तो वास आला. आंबूस, गोड, तोच. मी चपलांसकट आत धावले.

कोठीच्या खोलीत भाऊ जमिनीवर बसला होता. खोक्याचं झाकण बाजूला, एका बाटलीच्या काचा पसरलेल्या, फरशीवर चिकट पाणी. आणि त्याच्या हातात दुसरी बाटली.

“बाये, आत येव नको. काच आसा.”

मी आत गेले. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, डोळ्यांकडे पाहिलं, आणि सहा महिने ओठांवर न येऊ दिलेला शब्द माझ्याच तोंडून निघाला. “घेतलंस?”

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने ती बाटली फक्त माझ्यापुढे धरली. बुचावर मी सुतळी बांधली होती. गाठ माझी होती. जशी मारली होती तशीच होती.

“गार आसा काय बघत होतंय,” तो म्हणाला. “आज काम लवकर सरलां, घराक इलंय तर हयसून बाटली फुटल्याचो आवाज इलो. पंखो बंद पडललो. सकाळपासून बंद असतलो.”

मी भिंतीला टेकले. रडू येत होतं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग. त्याने बाटली हळूच खाली ठेवली, जरा लांब सरकवली, आणि जोड हातात धरला. खोक्यात दमट हवा. सेलोटेप पाघळून सुटला होता, वायर निखळली होती.

“ह्यां कोणी लायल्यान?”

“मी.”

“सेलोटेप! वायरमनाच्या घरात! कोणी बघल्यान तर माझां काम जातलां.” मग पंखा उलटा करून त्याने त्यावरचा कागद वाचायला डोळे बारीक केले. “पंखो किती घेता?”

त्याने तो शब्द किती सहज उच्चारला! त्याच्या धंद्यात तो रोजचाच. पंखा घेतो, दिवा घेतो, मोटर घेते. सहा महिने मी घरातून जो शब्द हाकलत होते, तो हा रोज दहा घरांत वापरून येत होता.

“पॉइंट पंधरा,” मी म्हटलं.

“मग डब्यात बारा व्होल्टचो बरो ॲडाप्टर आसा, तो कित्याक नाय लायलंस?”

“तो दोन अँपियर देता. पंखो जळतलो म्हणान.”

तो हसला. बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला. “अगो, तो देता नाय. देवक तयार आसा. पंख्याक व्हयो तेवढोच करंट पंखो घेता. व्होल्ट तेवढे जुळूक व्हये.” त्याने पंख्याचं पातं बोटाने फिरवलं. “पंखो बरो. खंय थांबूचां तां तेका कळता.”

मी म्हटलं, “मी तुझ्यासाठीच करत होतंय. ग्लासात घालून देवक. तुका चालात असां. तू म्हणललंस, साखरपुड्यासून इल्यार.”

“माका म्हायत होतां. तीन आठवडे पीठ ठेवतंस, आणि एक इडली खावक मिळाक नाय.” त्याने काचा एकेक उचलून वर्तमानपत्रावर ठेवल्या. मग माझ्याकडे न बघता बोलला. “ग्लास मी मागूक नाय, बाये. हात खंय ठेवचो, असां म्हणललंय. कामां चार वाजता सरतत. पाच वाजले काय हे हात माझे नसतत. आणि तू ह्याच घरात पंखो जोडतंस, सेलोटेपान, माझ्यापासून लपवन.”

मी आयुष्यात अनेकदा चुकले आहे, पण इतकी सरळ चूक कोणी दाखवली नव्हती. त्याने हातांबद्दल सांगितलं, मी ग्लास ऐकला. हाताला काम हवं असलेल्या माणसाच्या घरात नेमकं त्याच्याच हातचं काम निघालं, आणि ते मी त्याच्यापासून चोरून ठेवलं. मला त्याची लाज वाटली. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, “डबो हाड.”

मी बिस्किटांचा डबा आणला. त्याने तळातला ॲडाप्टर काढला, मीटर लावून बघितला, जुनी वायर कापली, नवी सोलली. जोडाला नीट कनेक्टर, वर काळी टेप, आणि वायर खोक्याबाहेर काढून भिंतीला क्लिपा ठोकल्या. मग त्याला सुचलं की बर्फ संपला तरी पंखा फुकट फिरत राहील, म्हणून स्विच. मग स्विचला पेटी हवी. मग वरचं भोक वाकडं कापलंय म्हणून ते पुन्हा. बटण दाबलं तेव्हा पंखा असा सुटला की तीन आठवडे कसाबसा फिरलेल्या त्या बिचाऱ्याची मला कीव आली.

उरलेल्या तीन बाटल्यांकडे त्याने बोट दाखवलं. “त्यो तू ओत. माका वास इलो तेव्हा तोंडाक पाणी सुटलां. खोटां कित्याक बोलू? परत करू नको ह्यां.”

मी त्या माडाच्या मुळात ओतल्या. ओतताना पलीकडच्या अंगणात खुर्च्या ओढल्याचा आवाज आला, कोणीतरी मोठ्याने हसलं, कोणीतरी त्याच्या नावाने हाक मारली. मी रिकामी बाटली हातात धरून उभी राहिले. आतून हातोडीचा ठोका थांबला. मी मोजत होते, एक, दोन, तीन, चार. मग तोंडात खिळा धरून बोलतात तशा आवाजात तो ओरडला, “काम चललां हा!” आणि ठोके पुन्हा सुरू झाले.

मी आत आले. घड्याळात पावणेसहा झाले होते. त्याने घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. फोन कानाशी, मान वाकडी, दोन्ही हात क्लिपेत. फोंडाघाटहून भावजयीचा फोन होता, आवाजावरून कळलं. तो सांगत होता, “काय नाय गो, बायेक पंखो लावन दिलंय.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाय,” तो म्हणाला. “नाय, अजून पाऊस खंय.” आणि ऐकता ऐकता पुढची क्लिप बसवली.

फोन ठेवल्यावर तो मला म्हणाला, “आता खरांच पीठ ठेव. फुकट नको जावक.”

मी तांदूळ आणि उडीद भिजत घातले. चुलीपाशी जाऊन आधण ठेवलं, आणि तिथूनच, मागे न वळता, विचारलं, “चाय घेतंस?”

पंख्याचा आवाज येत होता.

“घेतंय,” तो म्हणाला. “साखर कमी.”